मोटारसायकलचं पंक्चर: भोक बुजवण्याआधी कारण शोधा

पंक्चर काढलं आणि दोनच दिवसांत त्याच चाकाची हवा पुन्हा गेली, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. दोष अर्थातच पॅचला दिला जातो. पण ट्यूब पुन्हा बाहेर काढली की बहुतेक वेळा पॅच जागेवर घट्ट दिसतो आणि त्याच्या बाजूला नवं भोक सापडतं, कारण काट्याचं मोडकं टोक टायरमध्ये तसंच राहिलेलं असतं. भोक बुजवायचं काम पंधरा-वीस मिनिटांचं. ते कशानं पडलं हे शोधायला कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

हवा गेल्याचं कळलं की

मागच्या चाकाची हवा गेली की गाडी मागून डुलायला लागते, जणू ओल्या चिखलातून चालली आहे. पुढच्याची गेली की हँडल जड होतं आणि वळवताना अडखळतं. दोन्ही वेळी जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हँडल सरळ धरा आणि ज्या चाकात हवा आहे त्याचाच ब्रेक हलक्या हातानं लावत गाडी कडेला घ्या. जागा सपाट आणि कडक पाहा, कारण मऊ मातीत स्टँड रुततो.

"थोडंच अंतर आहे, हळूहळू नेऊ" हा मोह टाळा. हवा नसताना गाडी चालवली की टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते. आत ट्यूब असेल तर ती टायरबरोबर सरकते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते, म्हणजे एका काट्याच्या भोकापायी अख्खी ट्यूब वाया. ट्यूबलेस टायरची कड रिमवरून निसटली तर साध्या पायपंपानं ती परत बसत नाही. पुढे न्यायचीच वेळ आली तर खाली उतरून गाडी ढकलत न्या.

काम सुरू करण्यापूर्वी सायलेन्सर आणि ब्रेकची डिस्क किंवा ड्रम निवू द्या. मागच्या चाकाशी बसल्यावर सायलेन्सर हाताच्या अगदी जवळ येतो.

ट्यूब आहे की ट्यूबलेस

साधारणपणे अलॉय चाकात ट्यूबलेस आणि स्पोकच्या चाकात ट्यूब असते. पण नुसत्या टायरवर उठवलेल्या अक्षरांवर जाऊ नका. ट्यूबलेस टायर स्पोकच्या रिमवर चढवून आत ट्यूब घातलेली असू शकते. खात्री व्हॉल्व्ह पाहून करा. ट्यूबचा व्हॉल्व्ह सहसा पूर्ण धातूचा, खालपासून आटे असलेला असतो आणि रिमपाशी त्यावर नट असतो. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बहुधा जाड रबरी बुडाचा, रिमच्या भोकात घट्ट दाबून बसवलेला असतो. हा फरक महत्त्वाचा, कारण आत ट्यूब असताना बाहेरून स्ट्रिप भरली तर पंक्चर निघत नाहीच, वर टोच्यानं ट्यूबला आणखी भोकं पडतात.

ट्यूबलेस: चाक न काढता

यासाठी लागतं ते इतकं: खडबडीत गोल टोचा, ज्याला रीमर म्हणतात, नाकं (ओवायचं भोक) असलेली स्ट्रिपची सुई, चिकट दोरीसारख्या चार-पाच स्ट्रिप, सोल्यूशनची (रबर चिकटवायच्या द्रवाची) छोटी ट्यूब, पक्कड, ब्लेड, प्रेशर गेज आणि पंप. टोचा आणि सुई इंग्रजी टी आकाराच्या धातूच्या मुठीचीच घ्या. स्ट्रिप घुसवताना अंगाचा भार टाकावा लागतो आणि प्लॅस्टिकची मूठ नेमकी तेव्हाच मोडते.

खिळा दिसला की लगेच उपटू नका. तोच सध्या बुचाचं काम करतो आहे. आधी त्याच्याभोवती खडूनं खूण करा आणि तो सरळ घुसला आहे की तिरका, हे नीट पाहून ठेवा. मग खिळा तसाच ठेवून टायरमध्ये २० ते २५ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरा. पोकळ टायरवर सुई दाबली की रबर आत दबतं आणि सगळा जोर वाया जातो, भरलेला टायर मात्र खालून टेका देतो.

खिळा दिसतच नसेल तर साबणाचं पाणी पूर्ण टायरवर, मग रिमच्या कडेला आणि शेवटी व्हॉल्व्हवर लावा. व्हॉल्व्हच्या तोंडातून बुडबुडे आले तर टायरला काहीच झालेलं नाही. आतली पिन सैल आहे किंवा तिचा रबर गेला आहे. पिन घट्ट करून पाहा, नाहीतर बदला. व्हॉल्व्ह हातानं चहूबाजूंनी वाकवून बुडाशी चीर आहे का तेही बघा. आणि एक खिळा सापडला म्हणून थांबू नका, टायर पूर्ण एक फेरी फिरवून पाहा.

आता टोचा आणि सोल्यूशन लावलेली स्ट्रिप ओवून सुई, दोन्ही तयार ठेवा. स्ट्रिपचा मध्य सुईच्या नाक्यात यायला हवा, दोन्ही शेपट्या सारख्या. मग पक्कडीनं खिळा ज्या दिशेनं घुसला त्याच दिशेनं बाहेर ओढा. त्याच कोनात टोचा घाला आणि फिरवत दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. नवशिक्यांना ही पायरी क्रूर वाटते, चांगल्या टायरला आणखी घासायचं कशाला! कारण असं की टायरच्या आत धाग्यांचे, आणि अनेक रेडियल टायरांत पोलादी तारांचे थर असतात. खिळ्यानं तुटलेली तारेची टोकं घासली नाहीत तर तीच पुढे स्ट्रिप कापत राहतात. तिरक्या भोकात टोचा सरळ घुसवला तर मात्र दुसरं भोक पडतं, आणि स्ट्रिप त्या दुसऱ्यातच जाऊन बसते.

टोचा काढला की लगेच सुई त्याच कोनात, अंगाचा भार देऊन दाबा. शेपट्या दीड सेंटिमीटरभर बाहेर उरल्या की थांबा. पूर्ण आत गेली तर स्ट्रिप टायरमध्ये पडते आणि पुन्हा पहिल्यापासून. आता सुई एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. नाक्याच्या फटीतून स्ट्रिप सुटते आणि आत तिची गाठ बसते. हळूहळू ओढलं तर सुईबरोबर स्ट्रिपही बाहेर येते. उरलेल्या शेपट्या २-३ मिलिमीटर ठेवून कापा, पण कापताना ताणू नका. पूर्ण हवा भरा आणि जागेवर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बारीक बुडबुडे आले तर त्याच भोकात आणखी एक स्ट्रिप भरता येते. दुसरीनंही थांबलं नाही तर भोक स्ट्रिपच्या आवाक्याबाहेरचं आहे.

काही भोकांना स्ट्रिप भरायचीच नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर किंवा खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग भिंतीला मिळतो तिथे असेल, ६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, लांबट चीर असेल, किंवा जुन्या स्ट्रिपला लागून असेल तर टायर बदलायचा. बाजूची भिंत चालताना सतत वाकते, त्यामुळे तिथे स्ट्रिप टिकत नाही. मोटारसायकल वळणावर कलते तेव्हा भार नेमका खांद्यावर येतो, म्हणून चारचाकीत चालून जाणारी दुरुस्ती इथे चालत नाही.

बाहेरून भरलेली स्ट्रिप म्हणजे घरापर्यंत किंवा कारागिरापर्यंत पोचण्याची सोय. तिच्यावर ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका, मागे माणूस बसवू नका. टायर उतरवून आतून छत्रीच्या आकाराचा पॅच लावणं ही पक्की दुरुस्ती. तिचा एक मोठा फायदा म्हणजे टायरची आतली बाजू दिसते. आत काळी भुकटी आणि भिंतीवर सुरकुत्या असतील, तर तो टायर हवेविना चालला आहे. बाहेरून कितीही नवा दिसो, तो काढून टाका.

ट्यूबचं पंक्चर

इथे काम जास्त, पण नुसत्या पॅचसाठी चाक काढावंच लागतं असं नाही. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि ज्या बाजूला चेन किंवा डिस्क नाही त्या बाजूनं टायरची एक कड उचलून ट्यूबचा हवा तेवढा भाग बाहेर काढा. ट्यूब बदलायची असेल तर चाक काढणं आलंच.

व्हॉल्व्हचं टोपण आणि पिन काढून उरलीसुरली हवा पूर्ण सोडा. व्हॉल्व्हचा नट काढून व्हॉल्व्ह आत ढकला. मग टायर रिमपासून सोडवा: बुटाची टाच रिमला खेटून टायरवर ठेवा आणि गोल फिरत दाबत जा. रिमवर किंवा डिस्कवर पाय देऊ नका.

आता या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. टायरच्या कडेत तारेचं कडं असतं, ते ताणत नाही. मग ते रिमवरून निघतं कसं? रिमच्या मध्यभागी एक खोलगट खाच असते. लिव्हर, म्हणजे टायरची कड उचकटायची पट्टी, जिथे घालाल त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला टायरची कड गुडघ्यानं या खाचेत उतरवून ठेवली की इकडे तेवढीच ढील मिळते. लिव्हर वाकतो, रिम चिमटते, ट्यूब कापली जाते, ते समोरची कड खाचेत नसल्यामुळे. फार जोर लागतोय असं वाटलं की थांबा आणि समोरची बाजू पुन्हा पाहा.

कडेला साबणाचं पाणी लावा. ऑइल किंवा ग्रीस नको, ते रबर खातं आणि नंतर टायर रिमवर घसरतो. पहिला लिव्हर व्हॉल्व्हजवळ घाला, टोक थोडंसंच आत जाऊ द्या, म्हणजे ट्यूब चिमटत नाही. दुसरा ४-५ सेंटिमीटरवर. एका वेळी इतकाच घास घ्या. तीन-चार घासांनंतर उरलेली कड हातानं निघते.

ट्यूब ओढण्याआधी व्हॉल्व्हलगत टायरवर खडूची खूण करा. पुढे ट्यूबवरचं भोक टायरवर कुठे येतं हे यावरून कळतं, आणि काटा शोधायचा परीघ हातभर उरतो.

ट्यूबमध्ये पिन लावून ती जरा फुगेल इतकीच हवा भरा आणि पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवा. पाणी नसेल तर गालाजवळ किंवा ओल्या ओठांजवळ धरा, बारीक झोतही जाणवतो. भोक सापडलं की बॉलपेननं त्यावर अधिकचं मोठं चिन्ह करा, नुसता ठिपका घासताना पुसला जातो. मग उरलेली ट्यूब पूर्ण तपासा.

भोकाची जागा बरंच सांगते. रस्त्याच्या बाजूला एकच भोक म्हणजे काटा किंवा खिळा. लांब काटा असेल तर ट्यूबच्या पलीकडच्या भिंतीलाही भोक असतं. शेजारी शेजारी दोन लांबट चिरा, साप चावल्यासारख्या, म्हणजे हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली किंवा मागच्या खेपेला लिव्हरनं चिमटली. अशा वेळी टायरमध्ये काटा शोधून उपयोग नाही, हवेचं माप सुधारा. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची रबरी पट्टी सरकली आहे, स्पोकचं टोक वर आलं आहे किंवा गंज टोचतो आहे. टोक कानशीनं घासा, पट्टी नीट बसवा. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलेली ट्यूब मात्र टाकून द्या, तिथे पॅच टिकत नाही.

आता टायर. आतून हात फिरवायचा, पण उघड्या बोटांनी नाही. जुना सुती कपडा घ्या आणि तो टायरच्या आतल्या बाजूनं आधी एका दिशेनं, मग उलट दिशेनं फिरवा. काट्याचं टोक अर्धा मिलिमीटर वर आलेलं असलं तरी कपड्याचा धागा त्यात अडकतो. डोळ्याला तिथे काळ्या रबरात काळा ठिपका दिसतो, नाहीतर तेही नाही. अडकलेल्या जागी टायर बाहेरून दुमडा, म्हणजे आतलं टोक वर येतं, आणि पक्कडीनं ओढून काढा. बाहेरून मोडलेला काटा आतल्या बाजूलाच ओढावा लागतो. काढल्यावर कपडा पुन्हा एकदा फिरवा.

पॅच

ट्यूबची हवा काढा आणि भोकाभोवतीची जागा पॅचपेक्षा बोटभर जास्त घासा. नव्या ट्यूबवर एक गुळगुळीत चकचकीत थर असतो, तो गेला पाहिजे. जागा राखाडी आणि मंद दिसायला लागली की पुरे. साच्याची उभी रेघ मध्ये येत असेल तर ती सपाट होईपर्यंत घासा, नाहीतर तिच्या कडेनं हवा वाट काढते. भुकटी झटका आणि त्या जागेला बोट लावू नका, घामाचा तेलकटपणाही पॅच सोडवायला पुरतो.

सोल्यूशनचा पातळ, एकसारखा थर द्या, आणि थांबा. सगळ्यात जास्त पॅच इथे फसतात. ओलं असतानाच पॅच चिकटवला की आतला द्रव अडकून राहतो आणि टायर तापल्यावर त्याचा फुगा होऊन कड सुटते. थर लावल्यावर चकाकत असतो. पाचेक मिनिटांत चकाकी कडेकडून मध्याकडे उतरत जाते. मधला शेवटचा ओला ठिपका गेला आणि थर मंद दिसला की वेळ झाली. दमट किंवा थंड हवेत दहा मिनिटंही लागतात.

पॅच भोकाच्या सगळ्या बाजूंनी निदान १ सेंटिमीटर पुढे यायला हवा. खालचा कागद काढून चिकट बाजूला हात न लावता मध्य भोकावर ठेवा आणि मधून कडेकडे जोरानं दाबत जा. लिव्हरची गोल पाठ त्यावर घासली की कडा छान बसतात. वरचं पातळ प्लॅस्टिक निघत नसेल तर राहू द्या, ते ओढताना पॅचची कड उचलली जाते. शेवटी थोडी टाल्कम पावडर लावा. ट्यूब टायरबाहेर फार फुगवू नका, नवा पॅच ताणला जातो.

परत बसवताना

ट्यूबमध्ये आकार येईल इतकीच हवा ठेवा, म्हणजे तिला पीळ पडत नाही आणि ती लिव्हरखाली येत नाही. व्हॉल्व्ह त्याच्या भोकात घालून नट दोन आटे फिरवा. कड चढवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करा आणि दोन्हीकडून येत व्हॉल्व्हपाशी संपवा. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचं जाड बूड खाचेतच बसलेलं असतं, तिथे कड खाली उतरत नाही, म्हणून ती जागा शेवटी. शेवटचा घास हातानंच, तळव्यानं ढकलत गेला तर उत्तम. लिव्हर लागलाच तर आधी व्हॉल्व्ह आत ढकला, मग कड चढवा, मग व्हॉल्व्ह बाहेर ओढा. नव्यानं काढलेलं पंक्चर याच शेवटच्या पाच सेंटिमीटरमध्ये पुन्हा होतं.

थोडी हवा भरा, सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबच्या घड्या सुटतात. पूर्ण भरल्यावर रिमलगत टायरवरची बारीक उठावाची रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणी ती रिममध्ये बुडालेली असेल तर कड नीट बसलेली नाही. हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, परत भरा. व्हॉल्व्ह सरळ उभा हवा. त्याचा नट रिमवर आवळू नका, सैल ठेवा. पुढे ट्यूब सरकायला लागली तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि आधीच समजतं.

चाक काढावं लागलं तर

अ‍ॅक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. चेन अ‍ॅडजस्टरची दोन्ही बाजूंची खूण लक्षात ठेवा. बुश कुठला कुठल्या बाजूचा, हे फोटो काढून ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याची घडी घाला. बसवताना टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहा. ड्रम ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारा टॉर्क आर्म आणि त्याची पिन विसरू नका. तो न लावता ब्रेक मारला तर प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागीच अडकू शकतं. निघण्यापूर्वी चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे बघा आणि ब्रेक कडक होईपर्यंत दाबून पाहा.

हवा किती

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मजवळच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळच्या) स्टिकरवर लिहिलेली. टायरच्या भिंतीवरचा आकडा हा कमाल असतो, तो भरायचा नसतो. लहान गाड्यांना पुढे २५ आणि मागे ३० पीएसआयच्या आसपास, मोठ्यांना मागे ३६ ते ४२ लागू शकते. माप थंड टायरवरच घ्या, चालून आल्यावर ते वाढलेलं दिसतं. १६ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची काडतुसं प्रवासात सोयीची, पण मागच्या टायरला दोन-तीन लागतात आणि गॅस सुटताना काडतूस इतकं गार होतं की हातमोजा हवाच. हा वायू रबरातून लवकर झिरपतो, म्हणून मुक्कामी पोचल्यावर तो सोडून साधी हवा भरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी माप पुन्हा घ्या. १-२ पीएसआयचा फरक गेज लावतानाही पडतो. पाच-सहा उतरली असेल तर साबणाचं पाणी घ्या आणि व्हॉल्व्हपासून सुरुवात करा. त्याच दिवशी डबीतली सोल्यूशनची ट्यूबही बदला. एकदा उघडलेली ट्यूब टोपण लावूनही काही महिन्यांत आतल्या आत सुकते, आणि पुढच्या वेळी दाबल्यावर तिच्यातून काहीच येत नाही.